मामाजींचा कुंदा, माझं मारवेल

आता येतात मागायला. "ताई, चार ठोंब द्या ना मारवेलाचे, आमच्याही धुऱ्यावर लावून पाहतो." देते मी. नाही म्हणत नाही. पण ज्या वर्षी मी स्वतः धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, वाकून गवत लावत होते, त्या वर्षी हीच माणसं पांदणीच्या वाटेवर थांबून हसत होती. "गवत उपटनाऱ्या बाया लय पाह्यल्या, लावनारी पहिल्यांदाच पाह्यली," असं एक जण मोठ्यानं म्हणाला होता. यंदा त्यालाही दिले ठोंब. देताना त्याचंच वाक्य त्याला ऐकवलं मात्र. माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या गावातच काय, मोताळ्याच्या बाजारातही माहीत आहे.

हसणाऱ्यांचंही फार चुकलं नव्हतं म्हणा. आमच्या काळ्या जमिनीत माणसाचं अर्धं आयुष्य गवत काढण्यात जातं. त्यातून कुंदा असला वावरात, तर मग बघायलाच नको. कुंद्याची मुळी जमिनीखाली कांड्याकांड्यानं पळते. वरून कापा, निंदा, डवरा फिरवा, तो खाली बसून हसतो. त्याला एकच उपाय. भर उन्हाळ्यात जमीन खोल खोदायची, मुळी न तोडता ओढून काढायची आणि उन्हात पसरून वाळवून जाळायची. एक कांडं जरी आत राहिलं तरी पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा हजर.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, यांनी जन्मभर हेच केलं. वाटणीत त्यांच्या वाट्याला आलेलं वावर कुंद्यानं भरलेलं होतं. ते आणि सासूबाई, दोघं मिळून दर उन्हाळ्यात टिकास घेऊन जात आणि हात-दोन हात करत वावर मोकळं करत. ते वावर साफ व्हायला माझ्या नवऱ्याचं सगळं बालपण गेलं. सासूबाई वारल्या त्यालाही आता काही वर्षं झाली. मामाजींच्या तळहातावरचे घट्टे मात्र गेले नाहीत. अशा माणसाच्या धुऱ्यावर मी मुद्दाम बाहेरून गवत आणून लावलं. वाघाच्या तोंडात हात घातला म्हणा ना.

कारण गाय होती.

माझं माहेर मेहकरकडचं, हिवरा आश्रमापासून जवळ. लग्नात आईनं मला एक कालवड आंदण दिली होती. तिच्या पोटची तिच्या पोटची असं करत करत ही तांबडी गाय माझ्या दावणीला आली. आंदणाचं जनावर म्हणजे बाईचं स्वतःचं. घर सासऱ्याचं, वावर सासऱ्याचं, बैलजोडी सासऱ्याची, भांड्यांवर नावंसुद्धा त्यांची. ही एक गाय तेवढी माझी. आईही गेली माझी, आणि तिच्या हातचं असं माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नव्हतं.

गाय भाकड झाली. दोनदा फळवली, गाभण राहिली नाही. त्याच उन्हाळ्यात चाऱ्याची टंचाई होती. सोयाबीन-तुरीचा मळणीनंतरचा भुसा, म्हणजे आमचं कुटार, बैलांनाच पुरेल की नाही अशी गत. एका सकाळी मामाजी ओसरीवर चहा पिता पिता म्हणाले, "त्या गाईले मोताळ्याचा बाजार दाखवा."

मी चुलीपासून बाहेर आले. "आंदनाची गाय हाय ती, मामाजी."

"असंन आंदनाची. खाते तं आमच्या घरचं. भाकड ढोर बांधून ठेवाले हे काय गोरक्षन हाय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डोक्यावरचा पदर सावरला, आवाज मात्र नाही सावरला. "आजपासून तुमच्या कुटारातली काडी खानार नाई ती."

"मंग काय हवा खाऊन जगन?"

"धुऱ्यावर गवत लावते मी तिच्यासाठी. दोन पावसाळे द्या मले."

मामाजींनी कपबशी खाली ठेवली. आधी ते हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. म्हणाले, "दोन पावसाळे देल्ले. त्याच्यावरचा उन्हाळा तुह्या गवतावर काढून दाखव. मधात एक टोपलं जरी कुटार तिच्यापुढं पडलं, तं गाय बाजारात. अन् निभली, तं मी सोता चार मानसांत सांगीन का गाय इथंच राहीन."

माझा नवरा दारात उभा होता. त्यांच्याकडे बघितलं तर म्हणाले, "मी मधात नाई पडत. इकडून बाप, तिकडून तू. मले जगाचं हाय."

झालं. शब्द तोंडातून गेला तो गेला. गवत कुठलं लावायचं हेसुद्धा तेव्हा मला ठाऊक नव्हतं. भावाला फोन केला. त्यानं आधी मनसोक्त हसून घेतलं आणि मग सांगितलं, "मारवेल लाव. नेपियरच्या नादी लागू नको, त्याला पाणी लागतं. तुमची विहीर होळीला तळ दाखवते." त्याच्या बांधावर मारवेल होतंच. तोवर गाईला मी झाडपाला तोडून घालत होते. मृगाचा पाऊस दोनदा चांगला पडून गेल्यावर तो टेम्पोत ठोंब भरून घेऊन आला. जाताना म्हणाला, "रिकामा टेम्पो कशाला न्यायचा?" आणि गाय घेऊन गेला. गवत चारा देईपर्यंत ती तिकडेच राहणार होती. टेम्पो वळला तेव्हा तिनं मान फिरवून बघितलं आणि मला रडू आलं. मामाजी ओसरीवर बसून बघत होते, म्हणून मी तोंडावर पाणी मारलं आणि कामाला लागले.

मारवेल लावायला फार अक्कल लागत नाही, पण चिकाटी लागते. जुन्या बेटाचे मुळासकट ठोंब फोडायचे. वरचा पाला कापून टाकायचा, वीतभरच ठेवायचा. हातभर अंतरावर खड्डे, एका खड्ड्यात दोन-तीन ठोंब, थोडं शेणखत, आणि वरून टाचेनं माती घट्ट दाबायची. दाबायचा कंटाळा केला तर मुळाशी पोकळी राहते आणि ठोंब उभ्या उभ्या सुकतो. पहिल्या वर्षी त्यावर ढोर फिरकू द्यायचं नाही. आणि दोनदा निंदायचं. हो, गवतातलं गवत निंदायचं. लोक हसले ते याला जास्त हसले.

मामाजी हसले नाहीत. ते रोज काठी घेऊन धुऱ्यावरून फिरत. बेटाच्या बुडाशी काठीचं टोक खुपसून बघत. एकदा एक ठोंब उपटून त्याची मुळं बोटांत घेऊन किती तरी वेळ चाचपत बसले. "याची मुळी पळते काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, हे बेट करून राहतं, कुंद्यासारखं खालून पळत नाही, उलट धुऱ्याची माती धरून ठेवतं. "आमच्याही बापाले कुंद्याचं कोनं तरी असंच सांगतलं असन," ते म्हणाले आणि निघून गेले. उपटलेला ठोंब मी परत लावला. टाचेनं असा दाबला, असा दाबला की माझीच टाच दुखली.

पहिल्या वर्षी गवत नुसतं जगलं. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र फुटलं. मधे पावसानं मोठी उघडीप दिली, सोयाबीन पिवळं पडून माना टाकायला लागलं, आणि धुऱ्यावर माझं मारवेल मांडीपर्यंत हिरवंगार. खरं सांगते, तेव्हा मला सोयाबीनचं दुःख व्हायला हवं होतं, पण आनंदच जास्त झाला. फुलोरा दिसायला लागला की विळा लावायचा, पार बुडाला नाही, चार बोटं खोड ठेवून. फुलोरा पिकू दिला की काडी कडक होते, मग गाय तोंड फिरवते. कापलं, वाळवलं, पेंढ्या बांधून कोठ्यातल्या, म्हणजे गोठ्यातल्या, माळ्यावर रचलं. तसं पुन्हा पुन्हा केलं. शेवटची फूट मात्र नाल्याकडच्या पट्टीत तशीच उभी ठेवली. उभं वाळलेलं का होईना, अडीनडीला कामी येईल म्हणून. दिवाळीला भाऊ गाय घेऊन आला. तिनं दावणीला आल्या आल्या मारवेलाची पेंढी हुंगली आणि खायला लागली. मी मामाजींकडे बघितलं. ते दुसरीकडे बघत होते.

आणि मग तो उन्हाळा आला.

रोज सकाळी मी माळ्यावरून पेंढी काढायची, गाईपुढे सोडायची, आणि ओसरीवरून प्रश्न यायचा, "कुटार टाकलं काय, सूनबाई, गाईले?"

"नाई टाकलं."

भाकरी थापायला बसले की पुन्हा. "कुटार टाकलं काय गाईले?"

"सकाळीच सांगतलं ना मामाजी, नाई टाकलं."

दुपारी पुन्हा तेच. जणू काही मी चोर आणि ते फौजदार. कधी कोठ्याच्या दारात उभे राहत आणि गाईकडे बघत विचारत, "कोनाची गाय हाय ही?" हे तर माझ्या जिव्हारीच लागायचं. घरात इतकी वर्षं बांधलेली गाय, आणि म्हणे कोणाची. मी हातातलं काम टाकून म्हणायची, "माही. आंदनाची." ते काठी टेकत निघून जायचे. मी मग भांडी आपटायची. शेजारीण म्हणायची, आज पुन्हा वाजलं का तुमच्यात?

दिवस जात होते आणि माळा रिता होत होता. मी पेंढ्या लहान करायला लागले. गाईच्या बरगड्या दिसायला लागल्या. ती मान लांब करून शेजारच्या दावणीतल्या बैलांच्या कुटाराकडे बघायची आणि मी तिचं तोंड फिरवायची. मुक्या जिवाला आपल्या पैजेपायी अर्धपोटी ठेवतोय, हे मला कळत होतं. कळून काय करता? कुटाराचं टोपलं माझ्यापासून चार पावलांवर होतं. कोणी बघतही नव्हतं. पण मामाजी पुन्हा विचारणार आणि मला खोटं बोलता येत नाही. भांडता येतं, खोटं बोलता येत नाही.

मृग लागला तो कोरडाच. नुसता वारा सुटायचा, दिवसभर ढग यायचे आणि निघून जायचे. मोताळ्याच्या बाजाराचा दिवस उद्यावर आला आणि त्याच सकाळी माळ्यावर नुसता कचरा उरला. नाल्याकडची राखलेली पट्टी तेवढी शिल्लक होती. मी विळा घेतला, दोर घेतला आणि चहासुद्धा न घेता वावरात निघाले. ओसरीवर मामाजी नव्हते. बरं झालं, म्हटलं, सकाळी सकाळी तो प्रश्न नको.

धुऱ्यावर वळले आणि पाय जागीच थांबले.

मामाजी धोतराचा काचा मारून खोदत होते. नाल्याकडची पट्टी जवळजवळ पूर्ण उलथून पडलेली होती. माझं मारवेल, वाळलेल्या पाल्यासकट, मुळं वर करून उन्हात पसरलेलं. एकेक बेट झटकून, माती पाडून, नीट ओळीनं मांडलेलं. जाळण्यासाठी मांडतात तसं. दोन वर्षांची माझी मेहनत आणि गाईचा उरलेला घास, दोन्ही त्यांच्या टिकासाखाली.

मी अशी काही धावले की दोर कुठे पडला ते कळलं नाही. तोंडात शिव्या तयार होत्या. सासरा असला म्हणून काय झालं, आज सोडायचंच नाही असं ठरवून मी त्यांच्यापुढे उभी राहिले. "काऊन केलं हे तुम्ही? हरायची इतकी भीती वाटते?"

त्यांनी मान वर केली. घामानं चेहरा थबथबलेला होता आणि ते हसत होते. लग्न होऊन या घरात आल्यापासून माझ्याकडे बघून ते असं कधी हसले नव्हते.

"आली काय तू? किती उशीर, अवं," ते म्हणाले. "भाकर आनली काय? हा पाहा, सारा धुरा खाऊन टाकला या कुंद्यानं. तू तिकडून धर. मुळी तुटू देऊ नोको. एक कांडं राह्यलं तं पोट्टे मोठे होतीन तरी आपून इथंच खोदत राहू."

मला ते सूनबाई म्हणतात. ‘अवं’ त्यांनी या घरात एकाच बाईला म्हटलं होतं आणि ती आता नाही.

मी विळा खाली ठेवला आणि तिथंच ढेकळांत बसले. एवढा राग आला होता आणि तो ठेवायला जागाच राहिली नाही. सकाळी विचारलेलं ते तासाभरात पुन्हा का विचारत होते, ते तेव्हा कळलं. गाय कोणाची, हेही ते खरोखर विचारत होते. मला काय माहीत? जन्मभर टोमणे मारणाऱ्या माणसाचं विसरणंही टोमण्यासारखंच ऐकू येतं. ज्या माणसाशी मी दिवसरात्र दात-ओठ खाऊन लढत होते, तो लढतच नव्हता. मी एकटीच आखाड्यात उभी होते.

"द्या टिकास," मी म्हटलं. "मी खोदते. तुमी सावलीत बसा जरा." त्यांनी लगेच दिलं. सासूबाईंचं ते ऐकत असावेत.

नवऱ्याला फोन करून बैलगाडी आणि बारदाना, रिकामी पोती, मागवला. ते आले, उलथलेली पट्टी बघितली, बापाकडे बघितलं आणि त्यांना काहीच सांगावं लागलं नाही. पोती नाल्यातल्या डबक्यात भिजवून आम्ही मुळं झाकली. गाडी भरताना ते हळूच म्हणाले, "मागं मले इचारलं त्याईनं, कोन्या गावचा तू म्हनून."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

त्यांनी एक बेट उचलून गाडीत ठेवलं. मग म्हणाले, "तुह्यासंगं भांडताना ते बराबर आमचे बुढे वाटत. तेवढंच राह्यलं होतं त्याईचं. तुले सांगतलं असतं तं तू भांडली नसती."

मी त्या बेटावर ओलं पोतं पसरलं.

घरी येऊन कोठ्यासमोर बसलो. मारवेल चिवट असतं. उन्हानं वरचं पान गेलं तरी बुडातला जीव लवकर जात नाही. पाऊस पडला की पुन्हा लावता येणार होतं, पण त्यासाठी ठोंब आजच फोडून, पाला छाटून ओल्या पोत्यात ठेवायला हवे होते. मी विळ्यानं पाला छाटायला लागले. मामाजी जवळ येऊन बसले आणि न सांगता बेटं फोडायला लागले. हात सराईत होते. एकही मूळ त्यांनी तोडलं नाही. छाटलेला वाळका पाला माझ्यापुढे साचत गेला तेव्हा माझ्या लक्षात आलं की हाच गाईचा चारा. लावायला वीतभर पुरतं, बाकी सगळं तिचं. मी कवळाभर उचलून तिच्यापुढे टाकलं. ती तुटून पडली. अजून दोन-चार दिवस निघाले असते तेवढ्यावर, आणि आभाळ पश्चिमेकडून भरून येत होतं. म्हणजे गाईनं कुटाराची काडी न खाता उन्हाळा काढला होता. मी पैज जिंकले होते.

"मामाजी," मी म्हटलं. "निभली पाहा माही गाय. एक टोपलं कुटार खाल्लं नाई तिनं. तुमची अट पुरी झाली."

"कायची अट?" ते म्हणाले.

त्यांनी हातातला ठोंब खाली ठेवला आणि गाईकडे बघितलं. तिच्या बरगड्यांवर त्यांची नजर फिरली. त्यांचा चेहरा एकदम कळवळला.

"अवं, उपाशी हाय ना ते बिचारी," ते म्हणाले. "वाळल्या पाल्यानं काय होते तिचं? कुटार टाक तिले जरासं."

आख्ख्या उन्हाळ्यात ज्या टोपल्याला मी हात लावला नव्हता, ते तिथंच होतं.

मग उठले. टोपलं भरलं, चांगलं गच्च, दाबून भरलं, आणि गाईपुढे ओतलं. तिनं सरळ तोंड घातलं. मामाजींनी समाधानानं मान हलवली आणि पुन्हा ठोंब फोडायला घेतला. थोड्या वेळानं मान वर करून त्यांनी विचारलं, "कोनाची गाय हाय ही?"

माझी म्हणायला तोंड उघडलं होतं मी. सवयच होती ती.

"आपली," मी म्हटलं.

"मंग इकू नोको तिले," ते म्हणाले. "राहू दे इथंच."

हेच वाक्य मला त्यांच्या तोंडून चार माणसांत ऐकायचं होतं. नवरा बैल सोडायला मागं गेला होता. ऐकायला मी आणि गाय, दोघीच होतो.